उंबराखाली देव बसवला

१९ मार्च

मालनताईने आज चहा थंड होऊ दिला. खिडकीपासून हलेना. "जयू, इकडे ये. ही बया स्वतःला भिंतीत चिणून घेतेय."

समोरच्या उंबराच्या ढोलीत धनेशाची मादी बसली आहे. ढोलीचं तोंड तिने आतून लिंपत आणलंय. नर बाहेरून चिखल आणून देतो. शेवटी चोच बाहेर येईल एवढीच फट राहते. मी ताईला सांगितलं की आता ही दोन-अडीच महिने आतच. आत गेल्यावर उडायची पिसं गळतात. अंडी, पिल्लं, सगळं तिथेच होतं आणि खाणं नर पुरवतो.

"आणि त्याने नाही आणलं तर?"

"आणतो."

"म्हणजे माझंच बिऱ्हाड की हे. मी वर आणि डबा आणणारी तू. फक्त तो तोंड वाकडं करत नसेल."

ताई दोन वर्षं खाली उतरलेली नाही. गुडघे गेले. आम्ही तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. रीडेव्हलपमेंट लवकर व्हावी असं मुलुंडमध्ये जर कुणाला खरंच वाटत असेल तर ते मालनताईला.

२३ मार्च

सोसायटीची सभा. मी सेक्रेटरी, नंदकुमार अध्यक्ष. बिल्डरला मातीची तपासणी करायची आहे, त्याचं यंत्र मागच्या बाजूने आत यायचंय, वाटेत उंबर येतो. नंदकुमार म्हणाले, "पावसाआधीची छाटणी म्हणून उरकून टाकू."

मी उभी राहिले. बीएस्सी वनस्पतिशास्त्रात केलं, त्यानंतर तीस वर्षं औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काढली. बोलायचं तेवढंच बोलते. म्हटलं, ढोलीत मादी कोंडलेली आहे, झाड हललं तर ती आणि पिल्लं जातील. जूनअखेरपर्यंत थांबा.

"मॅडम, एका पक्ष्यासाठी एवढी कुटुंबं खोळंबवायची? तुमच्या ताईंनाच विचारा लिफ्ट कधी हवीय ते."

सगळे हसले. माझ्या बाजूने एकही हात वर आला नाही. घरी येऊन ताईला सांगितलं, तर म्हणाली, "बरोबरच विचारलं त्याने." आणि मग नराची वाट बघत बसली.

२६ मार्च

सकाळी मी दुधाला गेले तेवढ्यात कुणीतरी उंबराची खालची मोठी फांदी तोडली. वॉचमनला काही माहीत नाही. ताईला सगळं माहीत होतं. दोघे होते, एकाचा शर्ट पोपटी, टेम्पोच्या मागे 'आईचा आशीर्वाद' आणि खाली नंबर. नंबर तिने पाठ म्हणून दाखवला. मी नंदकुमारांकडे जाऊन तो तसाच ऐकवला. ताईची नजर पक्की आहे, तीन मजल्यांवरून तिने वाचलाय, असं बजावलं. ते गप्प झाले. टेम्पो बिल्डरचा निघाला.

आज गप्प झाले, उद्या होणार नाहीत.

३० मार्च

उपाय सापडला. मला तो आवडलेला नाही, पण चालेल असा आहे.

आमच्याकडे लोक जिन्याच्या कोपऱ्यात थुंकायचे म्हणून तिथे देवांच्या टाइल्स बसवलेल्या आहेत. तेव्हापासून कोपरे स्वच्छ आहेत. दत्ताचं झाड म्हणजे उंबर, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. यांच्या संगमरवरी पादुका कपाटात पडून होत्या. हे गेल्यापासून मी त्यांना हात लावला नव्हता, माझा विश्वास नाही. आज पाडव्याची गुढी उभारून झाल्यावर पादुका बुंध्याशी नेऊन ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं, चार फुलं टाकली आणि वर आले.

ताई खिडकीतून बघत होती. "नास्तिकाने देव बसवला."

"देव नाही बसवला. पहारा बसवला."

"देवाला वॉचमन केलंस. पगार काय देणार त्याला?"

३ एप्रिल, गुरुवार

सुलक्षणाने निरांजन लावलं. ही तळमजल्यावरची, मूळची कणकवलीकडची. मला जिन्यात गाठून म्हणाली, "जयंतीवहिनी, माका पाडव्याच्या रात्री सपान पडलेला. सकाळी बघतंय तर पादुका. कोणी हाडल्यो काय कळत नाय." मी नुसती मान डोलावून वर आले. खोटं बोलावं लागलं नाही हे बरं झालं.

१० एप्रिल

आज गुरुवारी दहा-बारा जण तरी होते. शेजारच्या इमारतीतलेही आले. नंदकुमार ऑफिसला जाताना थांबले, चपला काढल्या, हात जोडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "झाडाचं जूनमध्येच बघू. उगाच दोष नको."

सभेत जे जमलं नाही ते दोन दगडी पावलांनी केलं. शिक्षणाचा उपयोग किती, याचा हिशेब मी आता मांडत नाही.

२१ एप्रिल

ढोलीतून चिरचिर ऐकू येते, असं ताई म्हणते. पिल्लं झाली असावीत. नराच्या खेपा वाढल्यात. घशात उंबरं भरून आणतो आणि फटीशी एकेक काढून देतो. परवा एक पाल आणली. ताई त्याला जावई म्हणते. "आला गं जावई डबा घेऊन. आज मांसाहार आहे." सकाळचा पेपर पडून असतो. टीव्ही लावत नाही. माझ्याशी भांडायलाही तिला वेळ नसतो, त्यामुळे घर शांत आहे.

आज जेवताना म्हणाली, "लिफ्ट एक वर्ष उशिरा आली तरी चालेल गं."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण लिहून ठेवते.

१ मे, गुरुवार

देवस्थान वाढतंय. सुलक्षणाने वर्गणी काढून बुंध्याभोवती फरशी घातली. मुळांच्या वर सिमेंट. मी म्हटलं, झाडाला पाणी कुठून जाणार? ती म्हणाली, "अभिषेकाचा जाता ना." नंदकुमारांनी फांद्यांवर दिव्यांच्या माळा सोडल्या. संध्याकाळी आरती स्पीकरवर. कापराचा आणि धुपाचा धूर सरळ ढोलीपर्यंत चढतो. धूर असेपर्यंत नर समोरच्या गच्चीवर थांबून राहतो, असं ताईने सांगितलं.

माळा बंद करायला सांगितल्या. ऐकलं नाही. "देवाच्या दिव्यांना नाही कसं म्हणायचं?" हे मला नंदकुमार विचारतात, जे मार्चमध्ये कुऱ्हाड घेऊन उभे होते.

५ मे

नवीन कटकट. उंबरं पिकलीत. फळं फरशीवर पडून फुटतात, माश्या घोंगावतात, प्रदक्षिणा घालणारी एक बाई घसरली. उंबराच्या फळात केंबरं असतात, बारीक पंखांचे किडे. फळ फुटलं की ती बाहेर पडतात. ती पादुकांवर बसतात, प्रसादात पडतात.

सुलक्षणा तावातावाने आली. "देवाच्या डोक्यार किडे पडतत, वहिनी. शिऱ्यात पडले. ह्या काय बरा नाय."

मी तिला समजावलं की केंबरांशिवाय उंबर नाही. तीच आतल्या फुलांचं परागण करतात, ती नसतील तर फळ पोसत नाही, आणि फळ नसेल तर धनेश, खारी, वटवाघळं, कुणालाच काही नाही.

"ता सगळा खरा. पण शिऱ्यात नको."

७ मे

कमिटीची बैठक. दोन प्रस्ताव होते. एक, फळांनी लगडलेल्या फांद्या उतरवायच्या. दोन, औषध फवारायचं. फांद्या उतरवायच्या म्हटल्यावर नंदकुमारांचे डोळे चमकले. ढोली त्याच फांदीच्या बेचक्यात आहे.

मी ताबडतोब दुसऱ्याला होकार दिला. झाडाला हात लावायचा नाही, किड्यांचं काय ते करा. फवारणी फक्त फरशी आणि बुंधा, माणसाच्या डोक्याच्या वर नाही, अशी अट घातली. पेस्ट कंट्रोलवाल्याला डबा घेऊन बोलावलं आणि लेबल स्वतः वाचलं. लाल त्रिकोण, म्हणजे सर्वांत जहाल विष, असता तर परत पाठवला असता. पिवळा होता, त्याच्या एकच पायरी खालचा. या लोकांना त्रिकोण म्हणजे काय तेही माहीत नाही. मी तिथे नसते तर त्यांनी काय वाट्टेल ते मारलं असतं.

एकूण बैठक चांगली झाली. फांदी वाचली.

९ मे

आज फवारणी झाली. मी पालिकेच्या कार्यालयात गेले होते, उंबर तोडू नये म्हणून अर्ज द्यायला. तिथे दोन तास बाकावर गेले, पण पोच घेऊन आले.

घरी आले तर ताई चिडलेली. "त्या माणसाने नळी वर धरली होती. पार शेंड्यापर्यंत मारलं. ही सुलक्षणा खाली उभी राहून दाखवत होती, इथे मारा, तिथे मारा."

"बुंध्याशी मारायचं ठरलंय. मी स्वतः सांगितलंय."

"तू सांगितलंस. मी बघितलं."

तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय, डॉक्टरांनी जानेवारीतच सांगितलंय. उन्हात पाण्याचे तुषार उडाले की वर गेल्यासारखे दिसतात. मी वाद घातला नाही.

१२ मे

फरशी लख्ख आहे. माशी नाही, केंबर नाही. सुलक्षणाने मला वाटीभर शिरा आणून दिला, म्हणाली, "तुमच्यामुळे झाला ह्या." ताईने शिऱ्याला हात लावला नाही. तिला गोड चालत नाही, पण एरवी चोरून खाते.

संध्याकाळी बुलबुलांचा आवाज नव्हता. उन्हामुळे असेल.

१३ मे

जावई सकाळपासून आला नाही.

ताईने नाश्ता केला नाही, जेवली नाही. मी रागावले. "तू उपाशी राहिल्याने तो येणार आहे का?" ती म्हणाली, "ती पण उपाशी आहे." फटीतून मादीची चोच दिसते. उघडते, मिटते.

मी खाली जाऊन माळांची वायर काढून टाकली. नंदकुमारांशी कडाक्याचं भांडण झालं. दिवे आणि स्पीकर लावून पक्षी घाबरवला, आता समाधान झालं का, असं सगळ्यांसमोर विचारलं. 

१४ मे

नर सापडला. पार्किंगच्या पत्र्यावर पडला होता, सफाईवाल्याने काठीने खाली ओढला. मोठा पक्षी, चोचीवरचं शिंग मोठं, म्हणून नर हे नक्की. जखम नाही, भाजल्याची खूण नाही. मला विजेच्या वायरचाच संशय आहे आणि तसं मी नंदकुमारांना लेखी कळवणार आहे. कालपासून पडून असावा, पण नवल म्हणजे अंगाला एक मुंगी लागली नव्हती.

ताईला सांगितलं. ती ढोलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आता डबा कोण देणार?"

"मी देईन."

१५ मे

पक्षी वाचवणाऱ्या एका संस्थेला फोन केला. तेजल नावाची मुलगी आली, तिशीतली, बोलण्यात व्यवस्थित. आमच्या खिडकीतून तिने दुर्बिणीने पाहिलं. ढोली फोडू नका म्हणाली, मादीला पिसं नसणार, पिल्लं लहान आहेत. लांब काठीला चिमटा बांधून फटीशी फळ धरायचं, घेतलं तर जगतील. आमच्या खिडकीतून काठी पोहोचते. खिडकी नेमकी समोर आहे हे नशीब.

मग तिने विचारलं, "मॅडम, इथे फवारणी वगैरे झालीय का?"

"बुंध्याशी. माझ्या देखरेखीखाली."

"वर मारलं," ताई आतून म्हणाली.

"तिला मोतीबिंदू आहे," मी म्हटलं.

तेजलने ताईकडे पाहिलं, मग झाडाकडे. "तरीही बाजारातली पपई द्या. पिकलेलं केळं द्या. झाडाचं काही नको."

ती गेल्यावर पपई धरून पाहिली. मादीने चोच लावली आणि फेकली. केळंही फेकलं. मला अपेक्षित होतंच, रानपक्ष्याला पपई काय कळणार? मी खाली जाऊन चांगली टपोरी उंबरं वेचली, पुसून स्टीलच्या वाटीत घेतली आणि चिमट्यात एक धरलं. तिने लगेच घेतलं. मग दुसरं. मग आतून चिरचिर.

ताई म्हणाली, "जयू, ती बाई नको म्हणाली होती."

"ती बाई कॉमर्सची आहे. मी विचारलं."

दिवसभरात बरीच उंबरं गेली. उरलेली वाटी झाकून फ्रीजमध्ये ठेवली, गार राहतील. हात खांद्यातून दुखतायत. पण आज किती तरी महिन्यांनी काहीतरी उपयोगाचं केल्यासारखं वाटलं. ताईही जेवली.

१६ मे

सकाळी घेतलं, दुपारी कमी घेतलं. संध्याकाळी नुसती चोच बाहेर होती. उष्मा फार आहे.

१७ मे

जे झालं ते क्रमाने लिहिते.

सकाळी मी बँकेत गेले. परत आले तर उंबराखाली गर्दी. आज शनिवार, आरती कशी, असं म्हणत पुढे गेले. फरशीवर पादुकांशेजारी मालनताई बसली होती. गाऊन मागून पूर्ण काळा, एका पायात चप्पल नाही. मांडीवर मादी.

मादीने ढोलीचं लिंपण आतून फोडलं आणि बाहेर पडली. उडायला पंख नव्हते, पिसांच्या जागी नुसत्या नळ्या. थेट फरशीवर आली. ताईने वरून पाहिलं, हाका मारल्या, कुणी आलं नाही. मग ती तीन मजले बसून बसून उतरली. प्रत्येक पायरीवर बूड टेकत. कठडा धरून. दोन वर्षं जी बाई दारापर्यंत जात नव्हती ती.

सुलक्षणा छत्री उघडून कावळे हाकत उभी होती आणि रडत होती. "पाणी आण म्हटलं तर हिने तीर्थ आणलं," ताई मला म्हणाली. आवाज अगदी साधा होता. पक्षी तोपर्यंत मेलेला होता. ताई त्याच्या गळ्यावरून बोट फिरवत होती.

मी म्हटलं, "ताई, कशाला उतरलीस? पडली असतीस म्हणजे?"

ती म्हणाली, "मी सांगितलं होतं, वर मारलं."

"तुला ऊन लागलंय. वर चल, सरबत देते."

वॉचमन आणि आणखी दोघांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर आणलं. जिन्याच्या वळणावर खुर्ची अडली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले.

दुपारी तेजल शिडी घेऊन आली. ढोलीत दोन पिल्लं होती, दोन्ही गेलेली. एकाच्या चोचीत उंबराचा तुकडा तसाच होता. मी तेजलला म्हटलं, "बघा, खात होती." तिने वर्तमानपत्रात तिन्ही गुंडाळली आणि तपासायला घेऊन गेली. जाताना ताईच्या पाया पडली. माझ्या पडली नाही. असल्या गोष्टींकडे मी लक्ष देत नाही.

२० मे

ताईने खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली आहे. गुडघे सुजून नारळाएवढे झालेत. मी भरवते तेव्हा तोंड उघडते, गिळते. वाद घालत नाही.

तेजलचा फोन दोनदा येऊन गेला. उचलला नाही. मला आत्ता वेळ नाही.

२ जून

नंदकुमारांनी सभा बोलावली. घरटं रिकामं झालं, मॅडमची अट पूर्ण झाली, असं त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं. अट माझीच होती. देवाचा प्रश्न कुणीतरी काढला. सुलक्षणाने तो सोडवला. पादुका विधिवत हलवायच्या, नवीन इमारतीच्या प्रवेशाशी मंदिर बांधायचं, तोवर तिच्या घरी. पादुका हलल्या की ते नुसतं झाड.

पालिकेतल्या माझ्या अर्जाचा विषय मी काढला नाही. सेक्रेटरी म्हणून ठरावावर सही केली.

५ जून

सकाळी आरती होऊन पादुका गेल्या. नंदकुमारांनी नारळ फोडला. अकरा वाजता करवतवाले आले. आधी शेंडा उतरवला, मग ढोलीची फांदी. पोपटी शर्टवाला आजही होता.

मी ताईला सांगितलं, "आता काम लवकर सुरू होईल. नवीन इमारतीला दोन लिफ्ट आहेत. रोज खाली जाता येईल तुला."

भिंतीकडे बघतच ती म्हणाली, "कशाला?"

दुपारी खाली गेले. शेंड्याची फांदी फरशीवर आडवी होती, पानांत उंबरं तशीच लगडलेली, पण सुकून कडक झालेली. एक तोडून वर आणलं. कॉलेजातलं भिंग अजून आहे. सुरीने फळ मधोमध कापलं. आत केंबरं होती, खच्चून, बाहेर पडायच्या तयारीतली. एकही हलत नव्हतं.

फळ शेंड्याचं होतं. तिथे वर मारायला कुणालाच सांगितलं नव्हतं.

फ्रीज उघडला. वाटी अजून झाकून होती. उंबरं कचऱ्यात टाकली, वाटी घासली. पुसून फळीवर ठेवली. पुन्हा काढून घासली. राखेने, मग साबणाने, मग उकळत्या पाण्याने. ताईचं वरण मी एरवी याच वाटीत वाढते.

शेवटी वाटीही टाकून दिली. चांगली जाड स्टीलची होती.